सोमवारचा कागद

बसवनगुडी, बंगळूर
सोमवार, २२ जानेवारी १९६८

डॉ. पद्माकर भाटवडेकर यांस,

शुक्रवार, दिनांक १९ जानेवारी १९६८ रोजी सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आपण भर सभेत माझी सोळा वर्षं पुसून टाकलीत. ही वेळ सभागृहातल्या घड्याळाची आहे आणि माझ्या मनगटावरचं घड्याळही तेच सांगत होतं. मी वेळ दोनदा पाहते, ही माझी सवय आपल्याला ठाऊक आहे. आता आपण तीही नाकारणार असाल तर गोष्ट वेगळी.

काय घडलं ते लिहिते, म्हणजे 'मला आठवत नाही' म्हणायची सोय राहणार नाही. कोयनेच्या भूकंपानंतर सगळ्या देशाला एकच प्रश्न पडला आहे, की दख्खनचं पठार हलत नाही असं शाळेत शिकवलं ते खोटं होतं का. आपण त्यावर व्याख्यान द्यायला दिल्लीहून आलात. दक्षिणेतल्या लहानमोठ्या धक्क्यांची यादी आपण तयार करत आहात, असं सांगितलंत. जिथे लहान धक्के वर्षानुवर्षं साठत जातात तिथे कवच कुठल्या बाजूला सरकतं आहे ते कळेल, आणि कधीतरी मोठा धक्का येण्याआधी चार शब्द सांगता येतील, असंही म्हणालात. ते मला आवडलं. ती वाक्यं माझ्या ओळखीची होती. मग पडद्यावर नकाशा आला. ठिपके मोहरीसारखे विखुरलेले, आणि आमच्या बाजूला लख्ख पांढरं.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने उठून विचारलं, "सर, बंगळूरला तर पहिल्यापासून यंत्र होतं. मग इथल्या नोंदी का नाहीत?"

आपण नकाशाकडे पाहिलंत. म्हणालात, की त्या काळातल्या बंगळूरच्या नोंदी वेळेच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत, म्हणून सगळ्याच गाळल्या. आणि वर म्हणालात, "तिथल्या घड्याळाला सोमवारचा आळस होता."

सभा हसली. परदेशी पाहुणे सगळ्यात जास्त हसले. विनोद बरा होता, मीही हसले असते. अडचण एवढीच, की ते घड्याळ मी होते.

मी सहाव्या रांगेत बसले होते. आपण मला पाहिलंत. पाहून चष्मा काढलात आणि रुमालाने पुसलात. चष्मा स्वच्छ होता. खोटं बोलताना तो आपल्याला मळलेला वाटतो, हे मला एकोणीसशे एक्कावन्नपासून माहीत आहे.

आता मुद्दा. भूकंपमापकाचा कागद काजळून ड्रमवर चढवायचा, सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जायची, चोवीस तासांनी कागद उतरवून चपडा लाखेच्या पातळ द्रावणातून काढायचा म्हणजे काजळी पक्की होते. चढवताना कोपऱ्यात सुईने तारीख, सुरुवातीची वेळ आणि आपलं नाव कोरायचं. हे मी आपल्याला शिकवलं. रोज कागद साडेआठला बदलायचा, सोमवारी सव्वासातला. सोमवारच्या कागदाच्या कोपऱ्यात सव्वासात असंच कोरलेलं आहे, माझ्या हातचं, कॉन्व्हेंटमधल्या मदरनी पट्टी मारून घोटून घेतलेल्या अक्षरात. मी निवृत्त झाल्यावर त्या कागदांचे फोटो काढले. चौकटीत बसेनात म्हणून कोपरे कापले गेले. फोटो पाहणाऱ्याने सोमवारीही साडेआठच धरले आणि दर सोमवारचा धक्का सव्वा तास पुढे गेला.

पण चुकार घड्याळ दर वेळी तेवढंच चुकत नाही, पद्माकर. दर सोमवारी बरोबर सव्वा तास? हे ज्याच्या लक्षात येतं, त्याला कारणही कळतं. तू 'सोमवार' म्हणालास. तुझ्या त्या एका शब्दावरूनच मला कळलं, की तू काही विसरलेला नाहीस. सोमवारी सव्वासातला कागद का बदलत होतो, हे मला जेवढं ठाऊक आहे त्याहून जास्त तुला ठाऊक आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्या कचेरीत कोणीतरी आधी फोडणार.

माझी मागणी साधी आहे. बंगळूरच्या नोंदी यादीत परत घ्याव्यात आणि सोमवारच्या वेळेची दुरुस्ती करावी. हे आपण आपल्या सहीने कळवावं.

आणि एक. आपण तीन दिवस बंगळुरात होता. मी काही वाट पाहिली नाही. शनिवारी पुरणाची होळिगे केली होती ती मलाच खावीशी वाटली म्हणून. जास्त झाली ती शेजारच्या गंगव्वाला दिली.

आपली,
वसुमती मोहिते
(निवृत्त)

*

बसवनगुडी, बंगळूर
शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९६८

पद्माकर,

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. कचेरीच्या पत्त्यावर पाठवलं त्याचं उत्तर तुझ्या सेक्रेटरीने दिलं. तीन ओळी, टंकलिखित. 'आपले पत्र मिळाले. त्यातील मजकुराची नोंद घेण्यात आली आहे.' माझ्या नावात त्याने एक चूक केली होती, ती मी तांबड्या शाईने दुरुस्त करून ठेवली आहे. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठीच.

नोंद घेण्यात आली म्हणे! नोंद कशी घेतात ते मला सांगायचं? माझ्या हुद्द्याचं नावच 'कंप्यूटर' होतं. आता तो शब्द यंत्राला लावतात असं वाचते. मला राग नाही. यंत्राला निवृत्त करताना निदान हार तरी घालावा लागत नाही.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मी वेधशाळेत गेले होते. फाटकावर नवा पहारेकरी आहे, त्याने विचारलं, "यारु बेकु?" कोण हवंय म्हणून. मी म्हटलं, कोणी नको, मी इथलीच. त्याने स्वल्प थांबा म्हणून बाकावर बसवलं. त्या बाकावर आपण तिघं डबा खायचो, तू, मी आणि आपला मदतनीस यल्लाप्पा. यल्लाप्पाची भाकरी, माझा बिसीबेळे भात आणि तुझ्या बायकोची, कल्पनाची, ती साखर घातलेली आमटी, जिला यल्लाप्पा पायस म्हणायचा. "साहेब, तुमच्याकडं जेवण गोडानंच सुरू आणि गोडानंच शेवट, मधी काय?" बाक अजून तोच आहे. एक पाय अजूनही डुगडुगतो.

नव्या अधिकाऱ्याचं नाव उमाकांत. नागपूरकडचा आहे, सभ्य आहे, अक्का न म्हणता मॅडम म्हणतो. त्याने मला जे सांगितलं ते तुला कळायला हवं. जुने कागद गोदामात आहेत ते आर्थिक वर्ष संपायच्या आत काढून टाकणार. शनिवारी, ३० मार्चला. चपडा लावलेले कागद, लगेच पेट घेतात, नव्या यंत्राला जागा हवी, फोटो तर काढलेलेच आहेत.

मी म्हटलं, "फोटोत कोपरे नाहीत."

तो म्हणाला, "मॅडम, दिल्लीहून लेखी आलंय की बंगळूरच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. मग मी ठेवू कशासाठी?"

मी म्हटलं, "गोदाम उघडा. कुठल्याही सोमवारचं भेंडोळं काढा. कोपरा वाचा."

तो बिचारा उठला, एक भेंडोळं आणलं, उलगडलं. माझं अक्षर पाहून म्हणाला, "काय सुंदर लिहिलंय!" आणि मग, "पण मॅडम, सोमवारीच का?"

मी भेंडोळं गुंडाळून त्याच्या हातात दिलं. आयुष्यात माझ्याकडे उत्तर असून मी गप्प बसल्याचे प्रसंग फार नाहीत. तू ओळखशील.

तो म्हणाला, वेळ कोरलेली आहे हे खरं, पण अशी पद्धत कचेरीच्या कुठल्याही आदेशात नाही. निवृत्त कर्मचाऱ्याचा शब्द मी कसा धरू? त्या वेळी इथे काम केलेल्या अधिकाऱ्याने लेखी सांगितलं, की हो, सोमवारी असं करत होतो आणि अमुक कारणाने करत होतो, तर मी गोदामाला हात लावणार नाही. "मला फक्त वरून आलेला एक कागद द्या, मॅडम."

खरं कारण माहीत असलेले तिघंच. यल्लाप्पा चार वर्षांपूर्वी गेला. मी निवृत्त. उरलास तू.

म्हणजे आता माझ्या मानापमानाचं राहू दे. यादीत नाव घे किंवा घेऊ नकोस. ३० तारखेला ते कागद गेले, की पुढे कोणाला शहाणपण सुचलं तरी उपयोग नाही. ज्या जमिनीला सगळे मेलेली म्हणत होते, ती सोळा वर्षं झोपेत कशी कूस बदलत होती, ते त्या काजळीत आहे. मागचं सगळं हाती असल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, हे वाक्य माझं आहे. तू व्याख्यानात वापरलंस, वापर. त्याच्याबरोबर कागदही वाचव.

कोयनेचा धक्का बसला त्या पहाटे मी झोपले होते, तुला सांगते. इथे काही बायकांच्या मांडणीवरची भांडी वाजली म्हणे. मी, जिने सोळा वर्षं दुसऱ्यांची भांडी वाजण्याआधी रेघ वाचली, तिला वर्तमानपत्रातून कळलं. आणि धक्क्याचा वारही सोमवारच होता.

उत्तर दे. सेक्रेटरीकडून नको.

वसुमती

*

बसवनगुडी
मंगळवार, ५ मार्च १९६८

खासगी. डॉ. भाटवडेकर यांनीच उघडावे.

पद्माकर,

अठरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. हे पत्र पुन्हा कचेरीत पाठवते, कारण यातलं कल्पनाच्या नजरेस पडू नये. एवढी लाज मला आहे. तुला किती आहे ते ठरवायला मी हे लिहिते.

तू विसरला नाहीस हे मला माहीत आहे, पण तू मला विसरायला लावू पाहतो आहेस. ते होणार नाही. एकोणीसशे त्रेपन्न, श्रावणातला सोमवार. कल्पनाला पहाटे इस्पितळात ठेवलं होतं आणि तू तिथून निघून वेधशाळेत आलास, कारण साडेआठला कागद बदलायची पाळी तुझी होती. मी म्हटलं, "अरे, मी आहे ना, तू जा." तू म्हणालास, "अक्का, डॉक्टर म्हणतात संध्याकाळपर्यंत काही नाही." तू कागद चढवत होतास तेव्हा टेलिफोन वाजला. मी घेतला. मी परत आले तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहून तू ड्रम धरलास, आणि तुझी पाच बोटं त्या काजळीवर उमटली.

मुलगी होती. कल्पना वाचली.

नंतर तुमच्या घरमालकिणीने तुला ऐकवलं, की सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ, त्यात कोणी नवं काही सुरू करतं का? तू पुण्याचा. राहुकाळ हा शब्दही तू इथे येऊन ऐकलास आणि पहिलं वर्षभर त्याची टिंगल केलीस. पण त्यानंतरच्या सोमवारी तू काजळलेला कागद हातात धरून उभा राहिलास आणि तुझ्या हातून तो ड्रमवर चढेना. काजळी पुसली गेली. दुसरा कागद काजळला, तोही पुसला गेला. तिसरा यल्लाप्पाने तुझ्या हातातून घेतला.

मी राहुकाळ मानत नाही. आमच्या कॉन्व्हेंटात राहू नव्हता, घंटा होती. ती चुकली तर काय होतं ते आम्हाला लगेच कळायचं. पण मी त्या दिवशी हिशेब केला. सुईला राहू कळत नाही आणि केतूही कळत नाही. सव्वासातला कागद चढवला आणि सव्वासात असं कोरलं, तर विज्ञानाचं काहीही बिघडत नाही, आणि एक माणूस उभा राहतो. मी म्हटलं, "सोमवारचा कागद आजपासून सव्वासातला."

वेधशाळेच्या मोठ्या साहेबांनी कारण विचारलं असतं. यल्लाप्पा म्हणाला, "घाला की अक्का माझ्यावर. माझ्या डोक्यावर एवढं आहे, त्यात राहू एक जास्त." सगळी कचेरी त्याला राहू यल्लाप्पा म्हणायला लागली. चहावाला म्हणायचा, टपालवाला म्हणायचा. तू जवळ उभा असताना म्हणायचे. तो हसायचा. मरेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही, आणि मीही नाही. तू सत्तावन्नमध्ये दिल्लीला गेलास तरी मी सोमवारचा कागद सव्वासातलाच बदलत राहिले. का, ते विचारू नकोस. तू कधी परत आलास तर सगळं होतं तसं सापडावं, असलं काही माझ्या मनात नव्हतं. सवय झाली होती, एवढंच.

आणि तू त्या सोमवारावर विनोद केलास. परदेशी माणसांपुढे.

हसणाऱ्यांत तू नव्हतास, एवढं मी पाहिलं. म्हणून हे पत्र उमाकांतला पाठवत नाही. पाठवलं तर कागद आजच वाचतील, हे मला कळतं. त्याला कारण हवं आहे आणि माझ्याकडे कारण आहे. पण ते माझं नाही.

लिही, पद्माकर. जे लिहायचं ते तुझ्या शब्दांत लिही. मला दुसरी वाट दिसत नाही, आणि दिसत नाही याचाच मला जास्त राग येतो.

वसुमती

*

बसवनगुडी
गुरुवार, १४ मार्च १९६८

चि. पद्माकर यास,

पहिली तीन पत्रं रागाने लिहिली. हेही रागानेच लिहिते आहे, पण राग जरा बाजूला सरकून बसला आहे. त्याला जागा करून देणारी तुझी बायको.

काल कल्पनाचं पत्र आलं. तुला ठाऊक नसेल. फेब्रुवारीत घरी आलेल्या पाकिटावर तिने माझं अक्षर ओळखलं. पत्र तू तिला दाखवलं नाहीस, म्हणून तिने स्वतःच लिहिलं. चार पानं आहेत. लेक नयना आठवीत गेली, गॅलरीत कढीपत्त्याचं झाड आहे, दिल्लीत थंडी हाडात शिरते, आणि अक्का, तुम्ही एकट्या कशा राहता? तिला मी उत्तर देईन की गंगव्वा आहे, देऊळ आहे, रेडिओ आहे. तुला खरं सांगायला हरकत नाही, नाहीतरी तू उत्तर देत नाहीस. सोमवारी मला अजून सहाला जाग येते. अंघोळ करून, साडी नेसून, पायात चपला घालून मी दारात उभी राहते आणि मग आठवतं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून उगीच काहीतरी आणते. माझ्याकडे काड्यापेट्या फार साठल्या आहेत.

तिसऱ्या पानावर कल्पना लिहिते, 'ह्यांचं सोमवारचं अजून तसंच आहे. साडेसात ते नऊ खोलीचं दार लावून बसतात. ऑफिसात सगळे समजतात की पूजा असते. मीही लोकांना तसंच सांगते. पूजा वगैरे काही नसते हो अक्का. नुसते बसतात.'

ते पान मी दोनदा वाचलं, वेळ पाहते तसं.

माझी समजूत अशी होती, की तुला आपलं हसं व्हायची भीती वाटते. एवढा मोठा शास्त्रज्ञ राहुकाळ पाळायचा, असं जगाने म्हणू नये म्हणून तू माझी सोळा वर्षं खड्ड्यात टाकलीस. तसं असतं तर माझं काम सोपं होतं. भित्र्या माणसाला रागावता येतं. पण पंधरा वर्षं दार लावून बसणारा माणूस हसं व्हायला घाबरत नाही. त्या नोंदी यादीत घेतल्या तर कोणीतरी विचारणार, सोमवारीच का? आणि मग तुला त्या सकाळचं तोंडाने सांगावं लागेल. तू कल्पनाशी तरी ते कधी बोललास का? नसशील. तिने पत्रात त्या गेलेल्या मुलीविषयी एक शब्दही लिहिलेला नाही. तुम्ही दोघं एका घरात राहून तिचा उल्लेख टाळता, आणि मी इथे एकटी बसून रोज कोणाशीच काही बोलत नाही. आपल्यापैकी जास्त एकटं कोण, याची स्पर्धा लावण्यात अर्थ नाही.

एक आठवलं ते लिहून टाकते. तुम्हाला इथे येऊन पहिलाच कार्तिक होता. कडलेकाई परिषेला, त्या भुईमुगाच्या जत्रेला, तुम्ही दोघं आणि मी नंदीच्या देवळाच्या उतारावर गेलो होतो, शेंगांचे ढीग लागलेले होते. तोही सोमवारच, कार्तिकातला शेवटचा. तू म्हणालास, "अक्का, एवढी माणसं आणि गाड्या चालतायत, उद्याच्या कागदावर दिसणार." मी म्हटलं, "दिसूच देत. नाहीतर यंत्राला वाटायचं, इथे कोणी राहतच नाही." दुसऱ्या दिवशी खरंच दिसलं. रेघ दिवसभर थरथरत होती. तू तो कागद कल्पनाला दाखवायला घरी घेऊन गेलास आणि साहेबांची बोलणी खाल्लीस. तो कागदही गोदामात आहे. तोही ३० तारखेला जाईल.

म्हणून मी वाट काढली आहे. ऐक.

तू उमाकांतला एक पत्र लिही. त्यात लिही, की १९५३ पासून बंगळूर वेधशाळेत दर सोमवारी कागद सकाळी सव्वासातला बदलला जात असे, वेळ कोपऱ्यात कोरलेली आहे, ती प्रमाण मानावी आणि मूळ कागद जपून ठेवावेत. आणि कारण म्हणून असं लिही: 'त्या वेळच्या नोंदवाचक कुमारी मोहिते यांची राहुकाळावर नितांत श्रद्धा होती.'

'नितांत' शब्द ठेव. त्याशिवाय मजा नाही.

लोक लगेच विश्वास ठेवतील. म्हातारी, बिनलग्नाची, बसवनगुडीत राहणारी बाई, तिने राहुकाळ पाळला नाही तर कोणी पाळायचा? कोणी पुढे एक प्रश्नही विचारणार नाही. तुझं दार बंदच राहील. यल्लाप्पाने उचललं तेवढं पुरे, मेलेल्या माणसाच्या डोक्यावर मी आणखी ओझं ठेवणार नाही. हे माझ्या नावावर घाल. मदर वर बसून हे वाचत असतील तर पट्टी शोधत असतील. शोधू देत.

मी जन्मभर असल्या गोष्टींना हसले आणि आता छापील यादीत तळटीपेत माझं नाव त्याच एका गोष्टीसाठी राहील, याचं मला किती वाईट वाटतं ते तुला सांगत नाही. तू नको वाटून घेऊस. त्या तळटीपेच्या वर माझे ठिपके असतील, सोळा वर्षांचे, सोमवारचेसुद्धा. पुढे कधी कोणी त्या रेघा वाचून चार गावांना आधी सांगू शकलं, तर त्या गावांना माझी श्रद्धा कशावर होती याच्याशी काय करायचं आहे?

तुला यापेक्षा खरं काही लिहायचं असेल तर ते लिही. तो हक्क तुझा आहे, आणि कल्पनाचा. तसं लिहिलंस तर मला माझं नाव परत मिळेल, आणि मला वाटतं, तुला सोमवार परत मिळेल. पण मी ते मागत नाही. मागून मिळणारी ती गोष्ट नाही.

मागते एवढंच. उमाकांतला लिहिलेल्या पत्राची प्रत आणि मला उत्तर, दोन्ही सोमवार, २५ मार्चच्या टपालाने माझ्या दारात यायला हवं. त्यानंतर आलं तर उशीर झालेला असेल, कारण शनिवारी गोदाम उघडतं. इथला टपालवाला दहाच्या सुमारास येतो. तोपर्यंत राहुकाळ संपलेला असतो, म्हणजे ती सबबही तुला नाही.

उत्तर हाताने लिहिलेलं हवं. टंकलिखित आलं तर न फोडता परत पाठवीन. त्या सोमवारी मी चपला घालून दारात उभी राहीन, आणि या वेळी उगीच उभी राहणार नाही.

तुझी,
अक्का